फराळाच्या ऑर्डरी कोजागिरीला बंद करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरून व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांनी वेळ कसा सांभाळावा, यावर पुरवण्यांतून दरवर्षी लिहिलं जातं. पहाटे लवकर उठा, कामांची यादी करा, स्वतःसाठी अर्धा तास राखून ठेवा वगैरे. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेणारी बाई पहाटे उठतेच, आणि यादीही तिच्या फ्रिजवर चिकटवलेली असते. तरीही धनत्रयोदशीच्या रात्री दोन वाजता तिच्या घरी चकल्या तळणं चालू असतं. आपल्या शेगडीवर किती माल निघतो हे न मोजताच ती महिनाभर फोनवर 'हो, देते की' म्हणत गेलेली असते. म्हणून हे पत्र मोजमापाचं.

सुरुवात कढईपासून करू. घरात असते तशा बारा इंची कढईत एका घाण्याला आठ ते दहा चकल्या बसतात. मध्यम आचेवर घाणा उतरायला सात-आठ मिनिटं. किलोत मध्यम आकाराच्या पन्नास-साठ चकल्या येतात, म्हणजे सहा-सात घाणे. सोऱ्याही आपणच चालवायचा आणि झाराही आपणच धरायचा, तर किलोभर चकलीला एक तास धरावा. सोऱ्यावर दुसरा हात असेल तर कढई रिकामी थांबत नाही, तेच काम पाऊण तासात होतं. करंजीचा वेळ तळण्यापेक्षा भरण्यात जातो. पारी लाटायची, सारण भरायचं, कड दाबायची, कातण्याने कापायची, यात एक करंजी दोन मिनिटं खाते. बेसन लाडवाला किलोभर पीठ मंद आचेवर भाजायला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ उलथनं हातातून ठेवता येत नाही.

आता नेहमी मागितला जातो तो डबा घ्या: चकली, चिवडा, शेव, शंकरपाळे, बेसन लाडू प्रत्येकी अर्धा किलो आणि दहा करंज्या. चकलीला अर्धा तास, शंकरपाळ्यांना वीस मिनिटं, चिवडा आणि शेव पंधरा-पंधरा (हे दोन्ही दोन-दोन किलोंनी केले तरच), लाडू वीस, करंज्या पस्तीस. वर भरणं, वजन करणं, चिठ्ठी लावणं पंधरा मिनिटं. एका डब्याला एका बाईचे अडीच तास. प्रत्येकीचे आकडे थोडे इकडेतिकडे होतील. आपले आकडे एकदा घड्याळ समोर ठेवून, किलोभर माल करून काढावेत, अंदाजाने नव्हे. अंदाज नेहमी कमीच निघतो, कारण त्यात भांडी घासणं आणि ओटा पुसणं कोणी धरत नाही.

कोजागिरी ते वसुबारस बारा दिवस मिळतात. घरचा स्वयंपाक, मुलांची शाळा सांभाळून रोज पाच तास काम झालं तर साठ तास. त्यातला पाचवा हिस्सा आधीच वजा करावा. सिलिंडर मध्येच संपतो, वीज जाते, एखादा घाणा बिघडतो, घरात कोणाला ताप येतो. उरले अठ्ठेचाळीस. भागिले अडीच, म्हणजे एकोणीस डबे. चाळीस डबे कबूल करून बसलेल्या बाईला शंभर तास लागणार आहेत, आणि वरचे बावन्न तास तिच्या झोपेतून निघणार आहेत. यावर इलाज दोनच: मदतनीस किंवा ऑर्डर बंद. मदतनीस ठेवायची तर तिला सोऱ्या आणि करंजी भरणं द्यावं, तळण आपल्याकडे ठेवावं. मालाचा रंग एकसारखा राहतो.

वेळ कुठे गळतो ते चकलीपाशी उभं राहिलं की दिसतं. कढईत घाणा आहे, ताटात पुढचा पाडून ठेवलाय, परातीत मळलेली उकड झाकून ठेवली आहे. फोन वाजतो. 'तिखट कमी कराल का हो?' एवढंच विचारायचं असतं. बोलणं दोन मिनिटांचं. तेवढ्यात घाणा लालसर होतो, म्हणून घाईने काढला जातो. तेल तापत राहतं. पुढचा घाणा त्या तेलात पडताच बाहेरून रंग धरतो आणि आतून मऊ राहतो. संध्याकाळपर्यंत तो चिवट होणार. ताटातल्या चकल्यांना वारा लागून त्या उचलताना तुटतात, म्हणून परत मळा. तेल निवायला थांबा. दोन मिनिटांचा फोन अर्ध्या तासाला पडतो, आणि दिवसाला असे सहा आले की रोजच्या पाच तासांतले तीन गेले. तळण चालू असताना फोन दुसऱ्या खोलीत असावा, एवढा एकच नियम पाळला तरी बराच फरक पडतो. फोनला दुपारी दीड ते दोन आणि रात्री साडेसात ते आठ, आणि हे डबा ठरवतानाच गिऱ्हाइकाला सांगायचं. डबे न्यायला येण्याची वेळही एकच ठेवावी, संध्याकाळी सहा ते आठ. दाराची घंटा हा दुसरा फोनच आहे.

दुसरी गळती उलट्या प्रकारची. फराळात हात न लावता जाणारा वेळ भरपूर असतो आणि तो आधी न मोजल्यामुळे ऐन वेळी आडवा येतो. अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजतात, पाणी रोज बदलायचं. मग निथळून कापडावर सावलीत पसरायचे, पूर्ण वाळू द्यायचे नाहीत, हाताला किंचित दमट लागले की दळायचे. पीठ चाळून वजनाला वजन, किंवा थोडा कमी, गूळ. गोळे डब्यात किमान चार-पाच दिवस मुरायला हवेत. म्हणजे ऑर्डर घेतल्यापासून नऊ दिवस कढई चढतच नाही. वसुबारसेला अनारसे द्यायचे तर तांदूळ कोजागिरीलाच पाण्यात पडले पाहिजेत. वरून ऑक्टोबरात परतीचा पाऊस असतो. तांदूळ पंख्याखाली वाळवावे लागतात, एखादा दिवस वाढतो. घाईने ओले तांदूळ दळले की पीठ सैल होतं आणि अनारसा तुपात पडताच हसतो, जाळी पसरून त्याचा चुरा होतो. थोडं कोरडं तांदळाचं पीठ मिसळून सावरता येतं, पण ते पुन्हा काही तास ठेवावं लागतं. म्हणून तळणीच्या आदल्या दिवशी एकच अनारसा तळून पाहावा. पहिल्या वर्षी अनारसे यादीत घेऊच नयेत, असं आमचं मत.

भाजणीचंही तसंच. चार वाट्या तांदूळ, दोन हरभरा डाळ, एक उडीद डाळ, अर्धी मूग डाळ, धणे-जिरे. धुवायचं, सावलीत वाळवायचं, प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, पूर्ण गार करून मग दळायला द्यायचं. तीन दिवसांचं काम, पण प्रत्यक्ष हात लागतो तो जेमतेम तीन तास. हे नवरात्रात उरकावं. दसऱ्यानंतर गिरणीत रांग लागते आणि गिरणीवाला गव्हामागून तुमची भाजणी ओततो. गव्हाचं पीठ मिसळलं की चकली बिघडते. तांदळावर किंवा डाळीवर दळून द्या, असं आवर्जून सांगावं, आणि गिरणीच्या सुट्टीचा वार विचारून ठेवावा. दळून आणलेलं पीठ गरम असतं. तसंच झाकण लावलं तर वाफ धरतं आणि कुबट वास येतो. रात्रभर उघडं ठेवा, वर फक्त कापड.

हे थांबण्याचे तुकडे वाया घालवायचे नसतात. बेसन भाजून निवायला दीड-दोन तास लागतात; गरमागरम पिठात पिठीसाखर घातली की लाडू पसरतात, बसत नाहीत. चिवडाही पूर्ण निवल्याशिवाय भरला की पिशवीत वाफ धरून मऊ पडतो. त्या दोन तासांत डबे पुसणं, हिशेब लिहिणं, फोन उरकणं. तळणीच्या आधी निवण्याचं काम लावून द्यायचं: सकाळी नऊला बेसन भाजून ठेवलं, दहा ते एक तळण, दुपारी तीनला लाडू वळायला बसायचं. पाण्याची वेळ ठरलेली असते तिथे मोठी भांडी त्या वेळेला धरूनच रिकामी व्हायला हवीत. हे कोणत्याच लेखात नसतं.

क्रम टिकण्यावर ठरतो. कोजागिरीनंतर पहिले शंकरपाळे, शेव आणि बेसन लाडू. मधल्या दिवसांत चकली आणि चिवडा. शेवटच्या तीन दिवसांत करंज्या. सुक्या खोबऱ्याचंच सारण करावं. ओल्या नारळाची करंजी किंवा रवा-नारळ लाडू कोणी मागितलाच तर आदल्या दिवशी करून द्यावा, लवकर संपवायला सांगून. करंज्या तळताना एकीची कड सुटली तरी साखर तेलात जळते, तेल काळं पडतं, कढई उतरवून गाळावी लागते. म्हणून दिवसातलं शेवटचं तळण करंजीचं, चकलीच्या आधी कधीच नाही.

कागदाची कामं नवरात्राआधी. अन्नसुरक्षा प्राधिकरणाची (एफएसएसएआय) नोंदणी, तिचा चौदा आकडी क्रमांक, घटकपदार्थ, निव्वळ वजन, हिरवी खूण हे छापून तयार असावं. तयार केल्याची आणि टिकण्याची तारीख लिहायला जागा मोकळी सोडावी. घरगुती सिलिंडर व्यवसायाला वापरता येत नाही. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर दसऱ्याआधी नोंदवावा, जोडीला एक भरलेला राखून ठेवावा.

परदेशी डबे हा वेगळा व्यवसाय समजावा, ते किमान तीन आठवडे आधी निघाले पाहिजेत. बहुतेक कुरिअरवाले खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५०००ने भागतात आणि ते वजन जास्त निघालं तर त्यावर पैसे घेतात. ३० सेंटिमीटरचं चौकोनी खोकं ५.४ किलोचं धरलं जातं, आत चिवडा तीन किलो असला तरी. चिवडा मागणाऱ्याला हे आधी सांगितलं की पुढची तासाभराची घासाघीस वाचते. अमेरिकेने २९ ऑगस्ट २०२५पासून ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी काढली, तेव्हापासून तिकडच्या डब्यामागे कागदपत्रांचा वेळ वेगळा धरावा लागतो.

ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपच्या गप्पांत ठेवू नये. एक शंभर पानी वही, रकाने सहा: नाव, पदार्थ आणि वजन, तिखट-गोडाची सूचना, आगाऊ रक्कम, न्यायचा दिवस, दिलं. निम्मे पैसे आल्याशिवाय वहीत नाव चढवायचं नाही. हे लिहायला कठोर वाटतं, पण ऐन वेळी 'बहिणीनेच पाठवला हो' म्हणून सुटलेले चार डबे म्हणजे दहा तास. वहीत एकोणीस ओळी आखून ठेवाव्यात. विसावी ओळ नसली की 'नाही' म्हणणं सोपं जातं.

घरच्यांसाठी वेगळं लिहायला हवं, पण थोडक्यात: 'घरीच तर असतेस' हे वाक्य ऐकू येतं तोवर दहा ते एक ही वेळ कोणी पाळणार नाही. बँक, गॅसवाला, शाळेतून मुलाला आणणं, ही कामं त्या तीन तासांत दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर लिहून भिंतीवर लावावीत. तोंडी ठरलेलं तिसऱ्या दिवशी मोडतं.

गिऱ्हाइकांना विनंती एवढीच, की कोजागिरीपर्यंत ऑर्डर द्या, सगळ्या सूचना एकाच निरोपात लिहा, आणि निवडलेलं नंतर बदलू नका. आणि संपादक महोदय, हे पत्र दिवाळीच्या तोंडावर छापू नये. घटस्थापनेआधी छापलंत तर भाजणी वेळेत दळून होईल. नंतर छापलंत तर ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांना पेपर उघडायलाही सवड नसेल.

आपल्या,
घरगुती फराळ करणाऱ्या काही जणी, डोंबिवली