काका, सत्काराला पळालात म्हणून हे पत्र

काका, नमस्कार,

शाल-श्रीफळाचं नाव काढलं की तुम्ही मागच्या दारानं सटकता, दोनदा झालंय, म्हणून यावेळी सगळ्यांसमोर लिहूनच टाकतो, आता कुठं पळताय बघू. तुम्ही काय मोबाईलवर वाचणार नाही, सूनबाई वाचून दाखवतील. नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर परत बोलणी खायची.

रुग्णसाहित्य वापरायला देणारं आपलं केंद्र सुरू केलं तेव्हा आम्हाला वाटलेलं सोपं काम आहे. कुणाच्या घरी आजी-आजोबा गेले की माळ्यावर पडलेली व्हीलचेअर, वॉकर, कमोड चेअर, डोक्या-पायाकडनं वर करता येणारा फाउलर बेड असलं सगळं गोळा करायचं, पुसायचं, डिपॉझिट घेऊन ज्याला लागेल त्याला द्यायचं, संपलं. सगळे फावल्या वेळात येणारे, कुणी बँकेतला, कुणी शाळेत बाई, मी विमा एजंट, पाना कुठल्या बाजूनं धरतात तेही धड माहीत नाही. तुम्ही आलात शेजाऱ्याच्या काठीचं रबरी बूट मागायला, आणि कोपऱ्यातल्या खुर्च्या बघून विचारलंत, "ही चाकं शेवटची कधी खोललीत?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघतोय. दुसऱ्या दिवशी कुपवाडच्या एमआयडीसीत तीस वर्षं वापरलेली पानापेटी घेऊन हजर.

२०१९ चा ऑगस्ट तर विसरणं शक्यच नाही. आयर्विन पुलाला कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, सांगलीतल्या निम्म्या बाजारपेठेसारखी आपली खोलीपण पाण्यात. पाणी उतरल्यावर दार उघडलं तर २३ खुर्च्या चिखलात, गाद्यांचा वास सहन होईना, आम्ही भंगारवाल्याला फोन लावला होता. तुमच्या स्वतःच्या घरात गाळ असताना तुम्ही तिथं येऊन ओरडलात की चिखल वाळायच्या आत धुवा, वाळला की बेअरिंग जॅम झालंच म्हणून समजा. मग चार दिवस रस्त्यावर बादल्या मांडून आधी साधं पाणी, मग चाकं खोलून रॉकेलमध्ये, मग पुसून ग्रीस, रात्री टॉर्च धरून. १९ वाचल्या. गाद्या तेवढ्या टाकल्या, त्यावर तुमचं काही म्हणणं नव्हतं (काकूंचं होतं, त्यांना कापूस वाचवायचा होता).

पण खरं शिकवलंत ते मोजायची टेप लावायला. खणभागातल्या त्या ताईंना आम्ही चांगली नवीकोरी खुर्ची दिली, फोटोपण काढला, आणि तुम्ही घरी जाऊन बघितलंत तर बाथरूमचं दार दोन फुटी, खुर्ची बाहेरून बाहेर पंचवीस-सव्वीस इंच. म्हणजे रोज नवरा उचलून नेतोय आणि खुर्ची हॉलमध्ये शोभेला. तुम्ही आम्हाला काही बोलला नाहीत, तेच जास्त लागलं. आठवड्यात लोखंडी पाइपची अरुंद खुर्ची वेल्ड करून, खाली ब्रेकवाले छोटे कॅस्टर, म्हणजे सगळीकडं वळणारी चाकं, लावून दिलीत. आता आपल्या फॉर्मवर पहिला रकाना दाराच्या रुंदीचा आहे, नाव-पत्ता त्याच्या खाली. उंबऱ्याला रॅम्प मागितला तरी आधी उंची मोजतो, एक इंच उंचीला एक फूट लांबी, सहा इंचाच्या पायरीला सहा फूट, जागा नसेल तर तसं तोंडावर सांगतो. अपंगांना साधनं देणाऱ्या सरकारच्या एडिप योजनेतून कानपूरच्या अलिम्को या सरकारी कारखान्याचं साहित्य किती लोकांना मिळतं, आपण काय त्यांची बरोबरी करणार, आपल्या वाट्याला ती उरलेली दोन इंच, हे तुमचंच म्हणणं.

आणि तो मानेला मार लागलेला पोरगा. बोटं मिटत नाहीत, आई भरवायची. तुम्ही पीव्हीसी पाइपचा तुकडा उकळत्या पाण्यात मऊ करून त्याच्या तळहाताच्या आकाराला दाबलात, त्यात चमचा अडकवायला खाच आणि मागं वेलक्रो. पहिल्या दिवशी आमटी निम्मी शर्टावर, आई पुसायला उठली तर तुम्ही म्हणालात सांडू दे. आम्हाला वाटलं झालं, पोरगा म्हणतो आता मोबाईल चालवायचाय! पट्ट्यात काठी लावली तर स्क्रीन ढिम्म, कारण त्या काचेला माणसाच्या अंगाला जोडलेलं, वीज वाहून नेणारं काहीतरी लागतं, नुसतं प्लास्टिक चालत नाही. तीन संध्याकाळी खटपट करून शेवटी टोकाला ओलसर स्पंज, त्याला फॉइल, आणि तिथनं तांब्याची तार पार तळहाताला टेकवलीत. आता रात्री एक वाजता मला गुड नाईट पाठवतो, त्याबद्दल मात्र आभार नाहीत.

तुम्ही कधी चहाशिवाय काही घेतलं नाही, रिक्षाचे पैसेसुद्धा नाही. वेल्डिंगच्या रॉडचं बिल मागितलं की "हरवलं" म्हणायचात. आणि आम्ही कित्येकदा गृहीत धरलं, रविवारी सकाळी सातला फोन केला, दिवाळीत केला. त्याची माफी मागायची राहिलीये, ती इथं मागतो.

ऑपरेशननंतर गुडघ्याला जपा, जिना चढायचा नाही म्हणजे नाही. पानापेटी परत न्यायचा विषय काढू नका. दोन पोरं येतात आता शनिवारी, आयटीआयची, हात बरा आहे, घाई फार करतात. तुम्ही खाली खुर्ची टाकून नुसतं बसलात तरी चालेल, दरडावायला कुणीतरी पाहिजेच.

आणि हो, तेराचा पाना कुठं ठेवलाय तेवढं सूनबाईंकडून कळवा, सगळी पेटी उलटी केली.

तुमचा,
विमावाला (सगळ्यांतर्फे)