‘मनावर घेतलं’ म्हणू नकोस, आई

पुणे, २२ सप्टेंबर २०२४

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

हे फोनवर बोलायचं दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा जमलं नाही. आईचा आवाज भरून येतो, बाबा ‘बरं, ठेवतो आता’ म्हणतात आणि मीही मग भाजीचा भाव विचारून मोकळी होते. म्हणून लिहिते आहे. बाबा, तुम्ही आईला वाचून दाखवा. अर्ध्यात थांबू नका.

गौरीजेवणाच्या दिवशी मनूने दुसरी पुरणपोळी मागितली, तेव्हा आई, तू तिच्या ताटावर हात आडवा धरलास. म्हणालीस, “पुरे. आत्याकडे बघ जरा. आत्याने मनावर घेतलं, तर कुठल्या कुठे आली.” पंगतीतल्या सगळ्याजणी माझ्याकडे बघायला लागल्या. कुणीतरी ‘खरंच हो’ म्हणालं. मी खाली मान घालून कटाची आमटी कालवत राहिले. तिथेच बोलायला हवं होतं. बोलले नाही, ही चूक माझी आहे.

दिवेलागणीला मनू माझ्यामागे गच्चीवर आली. म्हणाली, “आत्या, मी पण मनावर घेतलंय. रात्रीचं जेवणच सोडलंय. मम्मीला सांगते, क्लासला जाताना वडापाव खाल्ला म्हणून. तुझं किती दिवसांत कमी झालं?” तेरा वर्षांची पोर. तीन आठवडे उपाशी झोपत होती आणि माझ्याकडे किती आशेने बघत होती! मी तिला जवळ घेतलं, ‘असं करू नको, बाळा’ एवढंच म्हणाले. खरं सांगायची हिंमत झाली नाही, कारण या घरात खरं काय ते आपण तिघं आणि दादा-वहिनी सोडून कुणाला माहीतच नाही.

मार्च २०२२ मध्ये माझं वजनाचं ऑपरेशन झालं, तेव्हा गल्लीत सांगितलं, पित्ताच्या खड्यांचं. वजन उतरायला लागल्यावर थायरॉईड सापडल्याचं सांगितलं. आता दोन वर्षांनी त्याचं ‘मनावर घेतलं’ झालं. मला खडे कधी झालेच नाहीत. झपाट्याने वजन उतरताना ते होऊ शकतात, म्हणून सहा महिने गोळी घेतली, तेवढंच. मी तुम्हाला दोष देत नाही. ऑफिसात मीसुद्धा ‘चालायला जाते, गोड सोडलंय’ असंच सांगत होते. पण त्या खोट्याची किंमत आता मनू मोजते आहे.

मी मनावर घेतलं नव्हतं असं वर्ष माझ्या आयुष्यात नाही. आई, सातवीत असताना तू मला सकाळी मध-लिंबू द्यायचीस, आठवतं? कॉलेजात उकडलेल्या भाज्या झाल्या. नोकरी लागल्यावर आहारतज्ज्ञांचे तक्ते झाले. मग दोनच वेळा जेवायचं ते केलं, घड्याळ लावून ५५ मिनिटांत जेवण संपवायचं. अकरा किलो उतरले. नातेवाइकांनी पाठ थोपटली. पुढच्या दीड वर्षात चौदा चढले, तेव्हा तेच म्हणाले, ‘सोडलं वाटतं?’ मी काहीही सोडलं नव्हतं. भूक मात्र सोसवत नव्हती. रात्री दोन वाजता पोटात अशी आग पडायची की डब्यातलं कोरडं पीठ खावंसं वाटायचं. हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही, कारण मला स्वतःचीच लाज वाटायची.

त्या भुकेचं कारण मला एकेचाळिसाव्या वर्षी कळलं. सर्जननी कागदावर चित्र काढून दाखवलं. जठराच्या वरच्या भागात घ्रेलिन नावाचं संप्रेरक तयार होतं, ते मेंदूला सांगतं की भूक लागली. खाणं तोडून वजन उतरवलं की ते वाढतं आणि वर्ष उलटलं तरी वाढलेलंच राहतं. शिवाय शरीर आपला खर्चही आवरतं घेतं. शरीराला वाटतं, दुष्काळ पडला. मग ते जुनं वजन परत मिळवायला जिवाच्या आकांताने झटतं.

दुष्काळ म्हटल्यावर आई, मला तूच दिसलीस. बहात्तरच्या दुष्काळात तू नऊ वर्षांची होतीस. आजी सांगोल्याच्या बाजूला खडी फोडायला जायची आणि तू धाकट्याला कडेवर घेऊन सुकडीच्या रांगेत उभी राहायचीस. मिलोची लाल भाकरी घशाखाली उतरायची नाही, तरी चुरा वेचून खायचात. त्या मुलीने आई झाल्यावर लेकीच्या ताटात अजून एक भाकरी वाढली, तर तिचं काय चुकलं? तू कधी कधी म्हणतेस, ‘मीच तुला खायला घालून घालून असं केलं.’ आज लिहून ठेवते, तू काहीही केलेलं नाहीस. दादा आणि मी एकाच ताटात जेवलो, तुझ्याच हातचं. दादा आजही सडपातळ आहे.

बाबा, आता तुमचं सांगते. तुम्ही आयुष्यात कधी ५६ किलोच्या वर गेला नाहीत. डेपोत सगळे तुम्हाला ‘काडी’ म्हणायचे. तरी शेहेचाळिसाव्या वर्षी तुम्हाला साखर निघाली. ‘मनावर घेतलं नाही म्हणून झाली’ असं तुम्हाला कुणी म्हणालं? पुण्यात केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. आपली बाळं जन्मतात सरासरी पावणेतीन किलोच्या आत-बाहेर, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. पण आपल्या किरकोळ दिसणाऱ्या बाळांच्या अंगावर त्या मानाने चरबी जास्त आणि स्नायू कमी. काट्यावर बारीक, आतून जाड. म्हणूनच डॉक्टर आपल्या लोकांसाठी वजनाची धोक्याची रेघ गोऱ्यांपेक्षा खाली ओढतात. तुमचं शरीर एका तऱ्हेने वागलं, माझं दुसऱ्या. तुमच्या वाट्याला गोळ्या आल्या आणि माझ्या वाट्याला शब्द.

ते शब्द मला अजून पाठ आहेत. ‘मुलगी चांगली आहे, पण.’ एसटीत शेजारी बसलेल्या बाईने उठून उभ्याने केलेला प्रवास. भगवंताच्या देवळात महाप्रसादाला खाली मांडी घालता येईना, म्हणून मी ‘उपास आहे’ सांगून खांबाला टेकून उभी राहिले होते. तुम्ही दोघं जेवत होतात आणि माझ्याकडे बघत नव्हतात. बघवत नव्हतं, हे मला कळत होतं. ११८ किलो वजन, उंची पाच फूट दोन इंच, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४७ च्या पुढे. झोपेची तपासणी केली तेव्हा कळलं की रात्रभर माझा श्वास थांबून थांबून चालतो. मास्कचं मशीन लावून झोपायची, ते तुम्ही आलात की कपाटात दडवायची.

“देवानं दिलेलं धडधाकट पोट कापून टाकायचं?” आई, तू विचारलं होतंस. तेव्हा मी चिडले होते. आता नीट उत्तर देते. जठराचा पाऊण भाग, किंबहुना थोडा जास्तच, काढून टाकला. उरलं ते केळ्याच्या आकाराचं. भूक लावणारं संप्रेरक जिथे सगळ्यात जास्त बनतं, तो वरचा फुगीर भाग त्यातच गेला. पोट लहान झालं हे खरंच, पण माझ्यासाठी मोठी गोष्ट ती दुसरी होती. चौथ्या दिवशी सकाळी जाग आली आणि डोक्यात खाण्याचा विचार नव्हता. इतकं शांत मला जन्मात वाटलं नव्हतं. मी तुला काही न सांगता खिडकीपाशी जाऊन रडले.

बाबा, तुम्ही ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एफडी मोडून पैसे घेऊन आला होतात. कापडी पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळून. माझा बीएमआय चाळिशीच्या वर होता आणि ऑपरेशन विम्याच्या नियमात बसत होतं, त्यामुळे बहुतेक रक्कम विम्याने भरली. तुमचे पैसे मी परत खात्यात टाकले. पण संमतिपत्राची पानं तुम्ही चष्मा पुसून पुसून ओळ न ओळ वाचलीत आणि साक्षीदार म्हणून सही करताना तुमचा हात थरथरला, ते मी विसरणार नाही.

पुढचं तुम्ही बघितलं, तरी मनूसाठी पुन्हा लिहिते, कारण लोकांना हा सोपा रस्ता वाटतो. आधी पंधरा दिवस यकृत आक्रसावं म्हणून जवळपास पातळ आहार. नंतर औषधाच्या ३० मिलीच्या मापाने घोट घोट पाणी, ताक, नारळपाणी. आई, तू ओट्याशी पाठ करून डोळे पुसत होतीस, ‘माझी पोर चमच्याने वरणाचं पाणी पिते’ म्हणून. तिसऱ्या आठवड्यात घोटलेली मुगाची खिचडी, तीन चमचे. दोन महिन्यांनी मी हट्टाने ज्वारीच्या भाकरीचा तुकडा शेंगाचटणीशी खाल्ला आणि तो छातीत अडकला. तोंडाला फेस येईपर्यंत उलट्या. घाईघाईत गिळला होता, चावला नव्हता. आता एक घास वीसदा चावते. चौथ्या महिन्यात केस गेले, वेणी करंगळीएवढी राहिली. नंतर ते आले, पण पूर्वीसारखे नाहीत. पोटाची आणि दंडाची कातडी लोंबते, म्हणून ब्लाऊज कोपरापर्यंत शिवते. जेवताना पाणी पीत नाही, अर्ध्या तासाने पिते. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व हे जन्मभर. रोज साठ ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत, म्हणून ताटात आधी पनीर, उसळ, दही आणि शेवटी भाताचे दोन घास. कमीत कमी ७२ झालं होतं. आता ७६ आहे. चार किलो परत आले, तेव्हा पुन्हा ती जुनी भीती वाटली. डॉक्टर म्हणाले, थोडं परत येतंच, घाबरू नका, तपासणी चुकवू नका.

आणि मिळालं ते? मशीन परत केलं. पाळी नियमित झाली. रक्तदाबाची गोळी बंद. पर्वतीच्या पायऱ्या मध्ये एकदाच थांबून चढते. यंदा गौरीच्या पंगतीत मी खाली मांडी घालून बसले होते, बाबा, तुम्ही समोरून बघितलंत आणि लगेच दुसरीकडे बघितलंत. मला दिसलं.

एक गोष्ट मात्र सलते. ऑफिसात जी माणसं दहा वर्षं माझ्याशी कामापुरतं बोलायची, ती आता लिफ्टचं दार धरून उभी राहतात. मला त्यांचा राग येतो. त्या ११८ किलोच्या बाईने घर चालवलं, कर्ज फेडलं, कोविडमध्ये बाबांना बेड मिळावा म्हणून अख्खं शहर पालथं घातलं. तिच्यासाठी कुणी दार धरलं नाही. ती वाईट होती आणि आता मी चांगली झाले, असं मला कुणी म्हणू नये. विशेषतः या घरात.

म्हणून दोन गोष्टी मागते.

मनूच्या ताटावर हात आडवा धरू नकोस, आई. ती किती खाते, कशी दिसते, यावर जेवताना कुणीच बोलायचं नाही. दादालाही मी हेच सांगितलंय, आणि ती रात्री उपाशी झोपते हेही. तो आणि वहिनी तिला बालरोगतज्ज्ञांकडे नेतील. रक्त तपासतील, पाळीचं विचारतील. वाढतं वय आहे, नुसत्या वजनावरून काही ठरत नाही. तिला ऑपरेशन लागेल असं मी अजिबात म्हणत नाही. पण रात्री जेवण सोडलं की पुढे काय होतं ते मी पंचवीस वर्षं भोगलंय.

दुसरी गोष्ट तुला जड जाईल. कुणी विचारलं तर खरं सांग. ‘माझ्या मुलीचं वजनाचं ऑपरेशन झालं’ एवढं एक वाक्य. बाबांची साखर आपण कधी लपवली नाही. समोरच्या काकूंना नाही सांगवलं तर राहू दे, पण मनूला सांगायचंच. दिवाळीत आले की मीच तिला जवळ बसवून पोटावरच्या पाच खुणा दाखवणार आहे. तेव्हा तू शेजारी बस. ‘जाऊ दे ना आता’ म्हणून उठू नकोस.

मी वसुबारसेला संध्याकाळच्या गाडीने निघते. बाबा, स्टँडवर येऊ नका, गुडघा दुखतोय तुमचा. दुखण्यावरची गोळी मनाने घेऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा. आई, करंज्या कर, मी अर्धी खाईन. माझं पान त्या लहान ताटलीत वाढ. मनूचं नेहमीच्या ताटात.

तुमची,
सुमी