पेंग्विनचा सण जूनमध्ये

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या बालपुरवणीच्या नाताळच्या पानावर बर्फात फेर धरलेली मंडळी पाहिली. पांढरं अस्वल, पेंग्विन, सील, वॉलरस आणि लाल टोपीतलं रेनडिअर. चित्र देखणं आहे, चित्रकाराचं कौतुकच. पण त्याच आठवड्यात हुबेहूब हाच देखावा माझ्या नातीच्या गॅदरिंगमध्ये होता आणि त्यावरून आमच्या घरात सुरू झालेली चर्चा अजून थांबलेली नाही, म्हणून हे पत्र.

नात मोठ्या शिशुवर्गात आहे. तिला रेनडिअर व्हायचं होतं. ड्रेपरीवाल्याकडून शिंगांच्या टोप्या आल्या, त्या सगळ्या मुलग्यांना वाटल्या गेल्या. शिंगं नरालाच असतात म्हणे! हिच्या कपाळावर कापसाचा हिमकण चिकटवला. घरी येऊन बाई जी रुसली ती जेवायलाच तयार नाही. आता बाकीच्या हरणांचं ठीक आहे, पण रेनडिअरच्या मादीलाही शिंगं असतात. उलट मोठ्या नरांची शिंगं हिवाळ्याच्या तोंडाशी गळून पडतात आणि माद्यांची वसंतात पाडस होईपर्यंत टिकतात. म्हणजे नाताळच्या रात्री शिंगं मिरवत गाडी ओढणाऱ्या बहुतेक बायकाच म्हणायच्या. हे ऐकल्यावर नातीने पोळी मागून घेतली.

मग दुसरा प्रश्न आला. ‘आजी, अस्वल पेंग्विनला खाऊन नाही टाकत?’ कपाटावरचा पृथ्वीचा गोल काढला, धूळ पुसली आणि दाखवलं की अस्वल इथे डोक्यावर, पेंग्विन तिथे तळाशी, त्यांची आयुष्यात गाठ पडत नाही. ती थोडा वेळ गोल फिरवत बसली आणि म्हणाली, ‘मग नाताळला फोन करतात का?’

शाळेत हे सहज बोलले, तर ‘एवढ्याशा मुलांना काय कळतंय, गोष्टीत सगळं चालतं’ असं उत्तर मिळालं. चालतं, मान्य. आपल्या गोष्टींतही कावळा-चिमणी बोलतात, भांडतात. पण ती दोघं एकाच अंगणातली असतात, आणि पावसात कुणाचं घर वाहून जाणार हे पोरांनाही ठाऊक असतं. ध्रुवावरच्या प्राण्यांचं अंगण आपण बघितलेलं नाही, म्हणून काय कुणालाही कुठेही उभं करायचं? बरं, आपल्याकडच्या पोरांनी पेंग्विन पाहिला तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत. ते २०१६ साली आलेले हम्बोल्ट पेंग्विन. त्यांचं मूळ घर पेरू-चिलीचा किनारा, तिथे कुठला आलाय बर्फ!

डिसेंबरात अंटार्क्टिकात ऐन उन्हाळा असतो. एम्परर पेंग्विनची पिल्लं तोवर अंगावरची लव झाडून समुद्राकडे निघालेली असतात. त्यांचा हिवाळा जूनमध्ये, आणि त्या हिवाळ्यात सूर्य उगवत नाही. मादी अंडं देऊन समुद्रावर जाते आणि बाबा ते पायांवर घेऊन, वरून पोटाची घडी पांघरून, दोन महिन्यांहून अधिक उपाशी उभा राहतो. शेकडो बाबा एकमेकांना खेटून गोल करतात आणि हळूहळू सरकत राहतात, म्हणजे कडेला वारा खाणाऱ्याला आतली ऊब मिळते. फेरच धरायचा तर हा धरा की! पोरांना तालमीचीही गरज पडणार नाही.

आणि तिथे सणही असतो, माणसांचा. २१ जूनच्या सुमारास वर्षातली सर्वांत मोठी रात्र आली की अंटार्क्टिकातल्या संशोधन तळांवर ‘मिडविंटर’ साजरा होतो, मेजवानी होते, एका तळावरून दुसऱ्या तळावर शुभेच्छा जातात. भारताचे ‘मैत्री’ आणि ‘भारती’ हे तळही तिथेच आहेत. ते सांभाळणारी संस्था आपल्या शेजारी गोव्यात, वास्कोला आहे. १९११ च्या जूनमध्ये दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर निघालेल्या ब्रिटिश कॅप्टन स्कॉटच्या माणसांनी अंटार्क्टिकातल्या केप एव्हन्सच्या झोपडीत हा सण केला, तेव्हा त्यांच्यातल्या बॉवर्सने बांबूच्या कामट्यांना पिसं बांधून नाताळचं झाड उभं केलं होतं. मेणबत्त्या लावल्या, खाऊ टांगला, भेटी वाटल्या. चार-पाच दिवसांनी हाच बॉवर्स आणखी दोघांबरोबर काळोखात निघाला, शंभरावर किलोमीटर लांब, एम्परर पेंग्विनची अंडी आणायला. थंडी उणे ६० अंशांपर्यंत उतरली, वादळात तंबू उडाला, पुन्हा सापडला. पाच अंडी उचलली, दोन वाटेत फुटली, तीन परत आली. नातीला ही गोष्ट चार वेळा सांगून झाली आहे. तंबू सापडतो तिथे ती दर वेळी टाळ्या वाजवते.

अस्वलीणबाईंना तर नाताळच्या पार्टीला बोलावूच नये. गाभण मादी बर्फात गुहा खणून आत गेलेली असते आणि साधारण याच दिवसांत, काळोख्या ध्रुवीय रात्रीत, तिला पिल्लं होतात, बहुधा जुळी. डोळे मिटलेली, जेमतेम सहाशे ग्रॅमची. एवढ्या अजस्र प्राण्याचं पिल्लू अर्ध्या किलोच्या साखरेच्या पुड्याहून थोडंच जड! आम्ही पुडा हातात घेऊन बघितला. मार्च-एप्रिलपर्यंत ती काही न खाता आतच राहते, पिल्लांना दूध पाजते. बाबा मात्र बाहेर सीलच्या मागावर. बाळंतिणीची खोली म्हटल्यावर नातीला सगळं लगेच समजलं, कारण गेल्या वर्षीच तिची आत्या बाळंतपणाला आमच्याकडे होती.

तेव्हा विनंती एवढीच. पुढच्या जूनमध्ये शाळा सुरू होताना पुरवणीचं एक पान पेंग्विनबाबांना द्या, आणि पुढच्या नाताळला अस्वलीणबाईंच्या गुहेत बारसं होऊ द्या. चित्रकार तेच असावेत. आणि शिंगांच्या टोप्या मुलींनाही मिळाव्यात, हे शाळांपर्यंत आपल्या पानातूनच गेलं तर बरं.

सध्या आमच्या दिवाणखान्यात दोन खुर्च्यांवर पांढरा पलंगपोस टाकलेला आहे आणि आत मोज्यांची दोन पिल्लं निजली आहेत. पाहुणे येणार म्हणून काल मी तो उचलायला गेले, तर मार्चपर्यंत हात लावायचा नाही असं मला बजावण्यात आलं.

आपली नियमित वाचक,
एक आजी, नाशिक