वखारवाल्याचाही सत्कार व्हावा

महोदय,

५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी, कलावंतांचे गौरव होतात. कलेला हात देणाऱ्या दुकानदार-उद्योजकांचाही गौरव व्हावा, अशी मागणी अधूनमधून होते आणि ती रास्तच आहे. पण आजच्या रिवाजाने ती अमलात आली, तर सर्वांत मोठा फ्लेक्स लावणाऱ्याच्या गळ्यात हार पडेल आणि ज्यांच्यामुळे नाटक उभे राहते ते मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवतील.

हौशी संस्थेची खरी नड जागेची असते. दोन अंकी नाटकाला दीड-दोन महिने तालीम लागते, रोज रात्री दोन-तीन तास. त्यासाठी साधारण २० बाय ३० फूट मोकळी जागा हवी, मध्ये खांब नको. शटर ओढलेले गोदाम हे काम चोख करते. फरशीवर खडूने रंगमंचाची मापे आखली की झाले. दुसरी नड नेपथ्य ठेवण्याची. आठ बाय चारचे फ्लॅट (भिंतीसारख्या उभ्या करायच्या चौकटी), लेव्हल (उंचवट्यासाठीचे लाकडी चौथरे), दाराच्या चौकटी प्रयोगानंतर कुणाच्या तरी जिन्याखाली जातात. पावसाळ्यात प्लाय फुगतो, कापडावर बुरशी धरते, चौकटी पीळ खातात आणि पुढच्या वर्षी सुताराकडे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तेच फ्लॅट कोरड्या जागी, विटांवर फळ्या टाकून उभे ठेवले, तर रंग बदलून तीन-चार नाटकांना पुरतात. दहा बाय बाराचा असा कोपरा वर्षभर देणाऱ्या वखारवाल्याची मदत स्मरणिकेतल्या पानभर जाहिरातीहून मोठी आहे. मात्र तिची पावतीच फाडली जात नाही, म्हणून ती कुठल्याही जमाखर्चात दिसत नाही.

तेव्हा सुरुवात पावतीपासून करावी. वस्तू किंवा सेवा मिळाली की त्याच दिवशी काय, किती आणि किती दिवस एवढे लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात. टेम्पोची फेरी असेल तर त्या दिवसाचे चालू भाडे, तालमीची जागा असेल तर गावातल्या साध्या हॉलचे भाडे, हा हिशेब धरावा. मात्र अशा पावतीवर ८०जीचा, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीचा, शिक्का मारू नये. ती सवलत फक्त पैशाच्या देणगीला आहे, त्यातही रोख २,००० रुपयांपर्यंतच, आणि नव्या करप्रणालीत तीही नाही. हे आधी सांगितले नाही की मार्चअखेरीस देणाऱ्याचा सीए फोन करतो आणि पुढच्या वर्षी दुकानाचे दार बंद होते.

शिफारस संस्थांनी करावी. दुकानदाराने स्वतःच्या नावाचा अर्ज भरण्यात शोभा नाही. सलग तीन वर्षे मदत, ही पहिली अट. रकमेला दुय्यम गुण द्यावेत. वेळेला मात्र चांगले गुण हवेत, कारण मंडपवाला, लाइटवाला आगाऊ मागतो आणि ‘प्रायोजक’ म्हणून नाव छापून घेणाऱ्याचा चेक प्रयोगानंतर तीन महिन्यांनी येतो. त्या वर्षी ज्यांच्याकडून पैसे घेतले, त्यांच्या निवडीत संबंधित संस्थेचा माणूस नसावा. प्रवेशशुल्क तर मुळीच नको. पैसे भरून मिळणारे ‘गौरव’ आधीच उदंड झाले आहेत.

आभाराचा फलक कसा लिहावा, यातही मेख आहे. ११ ऑक्टोबर २०१९ च्या जीएसटी परिपत्रकानुसार, धर्मादाय संस्थेला दिलेल्या देणगीबद्दल केवळ कृतज्ञता म्हणून नाव लावले आणि त्यातून व्यवसायाची जाहिरात होत नसेल, तर कर लागत नाही. ‘अमुक यांच्या सौजन्याने’ इथवर ठीक. त्याखाली ‘सर्व प्रकारचे प्लायवूड योग्य दरात’ आणि मोबाइल नंबर आला की ती देणगी राहत नाही, जाहिरात होते. जाहिरात घेणे गैर नाही, फक्त तिचे बिल वेगळे करावे.

मोठ्या कंपन्यांचे गणित निराळे. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली येणाऱ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सीएसआरवर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या कामांवर, खर्च करावी लागते, आणि त्याच कायद्याच्या सातव्या परिशिष्टात कला-संस्कृतीचा उल्लेख आहे. पण २०२१ पासून, आपल्या मालाच्या प्रसिद्धीसाठी दिलेले प्रायोजकत्व त्यात धरता येत नाही. रंगमंचावर कंपनीचा बॅनर टांगायचा आणि तोच खर्च सीएसआरमध्ये दाखवायचा, अशांना सन्मानाच्या यादीत जागा नसावी.

एकाच बड्या हातावर विसंबण्यातला धोका सांगलीला नवा नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ केले ते सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले, आश्रय आटला आणि मंडळी घेऊन भाव्यांना गावोगाव फिरावे लागले. १८५३ साली त्यांनी मुंबईत तिकीट लावून खेळ केले. आज एका मोठ्या देणगीदारापेक्षा दहा लहान दुकाने जोडलेली संस्था अधिक निर्धास्त असते.

सत्कारात शाल-श्रीफळापेक्षा दुकानाच्या दर्शनी भागात लावता येईल अशी एक फुटाची पत्र्याची पाटी द्यावी, तीवर संस्थेचे नाव आणि मदतीची वर्षे असावीत. आणि हा कार्यक्रम पडदा उघडण्यापूर्वी पाच मिनिटांत उरकावा. मध्यंतरात नको. तेव्हा आत नेपथ्य बदलायचे असते आणि ते बदलणाऱ्यांत बहुतेक वेळा तो टेम्पोवालाही असतो.

— हौशी नाट्यसंस्थांचे जमाखर्च सांभाळणारे काही कार्यकर्ते, सांगली