सेफ्टीचा कोर्स : फी विचारण्याआधी मान्यता विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बारावीचा निकाल लागला की आपल्या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींत ‘फायर अँड सेफ्टी’ची रांग लागते. ‘सहा महिन्यांत सेफ्टी ऑफिसर, शंभर टक्के नोकरी, दहावी पास-नापास चालेल.’ छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सेफ्टी विभागात नोकरी करून मी निवृत्त झालो. असली प्रमाणपत्रं घेऊन आलेली परभणी, हिंगोली, बीडकडची पुष्कळ पोरं मुलाखतीला बघितली. पोरं कष्टाळू असतात, फायलीत रंगीत सर्टिफिकेटही असतं, पण ते त्या नोकरीला चालत नाही. बापानं सोयाबीन विकून फी भरलेली असते आणि पोरगं शेवटी गेटवर गाड्यांचे नंबर लिहीत बसतं.

कारखान्यातला सेफ्टी ऑफिसर ही कायद्यानं ठरवलेली जागा आहे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४०-ब प्रमाणे हजार कामगार असले की हा अधिकारी नेमावा लागे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनं ही मर्यादा पाचशेवर आणली. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्याला आणि बांधकामाला ती अडीचशे आहे. म्हणजे वाळूज, शेंद्रा, जालन्याकडे जागा वाढतील. पण त्या कुणाला मिळतील? आजवरच्या नियमांत अभियांत्रिकीची पदवी किंवा पदविका, नाहीतर भौतिक वा रसायनशास्त्रातली पदवी, वर कारखान्यातला अनुभव आणि राज्य शासनानं मान्य केलेली औद्योगिक सुरक्षेची पदवी वा पदविका, एवढं सगळं लागतं. ही पदविका म्हणजे ‘एडिस’ (अ‍ॅडव्हान्स्ड डिप्लोमा इन इंडस्ट्रियल सेफ्टी). महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाची एडिस चालते, आणि मुंबईत शीवला केंद्रीय श्रम संस्था आहे, तिथलीही चालते. कामगारांची भाषा येणं ही आणखी एक अट. तिथं आपली पोरं आधीच पुढं आहेत, हे त्यांना कुणी सांगत नाही.

तेव्हा बी.ए. झालेल्या मुलाला सहा महिन्यांत या खुर्चीवर बसवतो असं कुणी म्हणत असेल, तर तो खोटं बोलतो आहे. सरळ लिहितो, राग नसावा.

अग्निशमन दलाचं वेगळं आहे. महानगरपालिका, नगरपरिषदांच्या फायरमन भरतीत मुंबईच्या राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा पाठ्यक्रम मागतात. उंची, छाती मोजतात, पळवतात. पुढं उपस्थानक अधिकारी व्हायचं तर नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे, केंद्रीय गृह मंत्रालयाचं. तिथंच अग्निशमन अभियांत्रिकीची पदवीही होते. बारावी सायन्सच्या मुलांना याची कल्पनाच नसते. गावाकडं अजून डॉक्टर आणि इंजिनिअर या दोनच वाटा माहीत.

आखातात जायचं असेल तर मात्र ‘नेबॉश’च्या सुरक्षा प्रमाणपत्राला खरंच किंमत आहे. ब्रिटनमधली १९७९ सालची ही संस्था स्वतः वर्ग घेत नाही, मान्य केलेल्या केंद्रांमार्फत शिकवते. केंद्र खरं की खोटं हे तिच्याकडेच विचारून घेता येतं. परीक्षा पुस्तक उघडून द्यायची असली तरी उत्तर स्वतःच्या इंग्रजीत, प्रसंग वाचून लिहावं लागतं, त्यामुळं घोकून गेलेला मुलगा तिथं अडकतो. आणि नेबॉश केलं म्हणून इथल्या कारखान्यात एडिसची अट सुटत नाही. ‘ओशा’च्या तीस तासांच्या कार्डाचीही फार हवा आहे. ओशा म्हणजे अमेरिकेची कामगार-सुरक्षेची सरकारी यंत्रणा; ती स्वतःच त्या वर्गांना सर्टिफिकेशन म्हणत नाही. माहिती म्हणून करा, हुद्दा मिळेल म्हणून नको.

जाहिरातीत ‘आयएसओ प्रमाणित’, ‘भारत सरकार नोंदणीकृत’ असंही छापलेलं असतं. ट्रस्टची किंवा सोसायटीची नोंदणी कुणालाही करता येते, तिचा कोर्सच्या मान्यतेशी काडीचा संबंध नाही. पालकांनी एवढंच विचारावं : परीक्षा कोण घेतं, आणि त्या मंडळाच्या यादीत तुमच्या संस्थेचं नाव आहे का? तंत्रशिक्षण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय छत्रपती संभाजीनगरात आहे. चौकशीला एक चक्कर मारली की काम होतं.

आता दुसरी बाजू. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूजमध्ये हातमोज्यांच्या कारखान्याला आग लागली आणि आत झोपलेले सहा कामगार गेले. असे छोटे शेड पाचशेच्या मर्यादेत कधीच येणार नाहीत. तिथं सेफ्टी ऑफिसर कायद्यानं लागतच नाही. तिथं गरज आहे ती रात्री दार बाहेरून बंद नाही ना, वाटेत माल रचलेला नाही ना, आग विझवायच्या सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे ना, हे रोज बघणाऱ्या माणसाची. राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यात दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचा ‘फॉर्म बी’, म्हणजे आगीपासून बचावाची साधनं चालू असल्याचा दाखला, द्यायचा असतो. तो कागद पुष्कळ ठिकाणी सिलिंडरला हात न लावता बनतो, हे वसाहतीत सगळ्यांना ठाऊक आहे. चांगल्या संस्थेत सहा महिने शिकलेला मुलगा या कामाला नक्की उपयोगी पडेल. दहा-पंधरा शेडनी मिळून एक माणूस ठेवला तर कुणालाच जड नाही. उद्योजकांच्या संघटनांनी हे मनावर घ्यावं, आणि अशा मुलाला पगारही द्यावा, नुसता शर्टावर बिल्ला नको.

औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयानं मान्य पदविका देणाऱ्या संस्थांची यादी निकालाच्या हंगामात मराठवाड्यातल्या प्रत्येक जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांत मराठीतून द्यावी. आणि आपणही ‘सेफ्टी ऑफिसर’ असा शब्द असलेली जाहिरात घेताना परीक्षा घेणाऱ्या मंडळाचं नाव छापणं सक्तीचं करावं, ही विनंती. त्यापायी एखाद-दोन जाहिराती कमी होतील, याची मला कल्पना आहे.

आपला,
एक निवृत्त सेफ्टी सुपरवायझर
बजाजनगर, वाळूज