बाबांची पेटी आईला ऐकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

डीव्हीडी हातात घेताना तुमच्याशी नीट बोलता आलं नाही, घसा भरून आला होता. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय. ज्यांच्या कपाटात जुन्या कॅसेटी पडून आहेत आणि ज्यांना कुणीतरी 'आता काही होणार नाही' म्हणून परत पाठवलंय, त्यांच्याही हे वाचनात यावं.

माझे बाबा दशावतारात, म्हणजे कोकणातल्या जत्रेत रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्यात, पेटी (हार्मोनियम) वाजवायचे. २००६ च्या जत्रेला मुंबईहून आलेल्या आमच्या चाकरमानी भावाने हँडीकॅमवर रात्रभराचं नाटक शूट केलं होतं, पार शेवटच्या दहीकाल्याच्या विधीपर्यंत. बाबा वाजवताना दिसतात असं चित्रीकरण आमच्याकडे तेवढंच. बाबा गेल्यापासून आईचं एकच मागणं होतं, "ता नाटक माका आपल्या टीव्हीर बघूचा आसा." गावात मोबाईलला धड रेंज नाही. आईला जमतो तो जुना डीव्हीडी प्लेअर.

तुमच्याकडे येण्याआधी जे भोगलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका स्टुडिओवाल्याने चौकोनी चित्र रुंद टीव्हीत बसवण्यासाठी वरखाली कापलं. पेटीवाला रंगमंचाच्या कडेला, खाली बसलेला असतो. कापलेल्या भागात नेमके बाबांचे हात गेले. वर पुन्हा नाटकातल्या संकासुर राक्षसाच्या प्रवेशावर लग्नातली सनई चढवलेली! दुसऱ्याच्या डीव्हीडीत कुणी नाचायला लागलं की चित्र थरथरायचं, आणि जसजसं नाटक पुढे सरकायचं तसतसा आवाज चित्राला सोडून जायचा. सूर आधी ऐकू यायचा, बोटं मागून हलायची. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "जुनी कॅसेट आहे, असंच येणार." पैसे मात्र पूर्ण घेतले. त्यांना काम येत नव्हतं याचा मला राग नाही. तपासून न बघता दोष कॅसेटवर ढकलला, आणि मी ते खरं मानून आईला तसंच सांगितलं, याचा राग अजून जात नाही.

तुम्ही कॅसेटला दोष दिला नाहीत. आधी हँडीकॅम मागवून घेतलात, फायरवायरने (कॅमेरा कॉम्प्युटरला जोडणाऱ्या केबलने) सगळं नव्याने उतरवलंत, आणि मला शेजारी बसवून दाखवलंत. कॅमेऱ्याने आवाज ३२ किलोहर्ट्झने टिपला होता, डीव्हीडीला लागतो ४८, आणि मधल्या रूपांतरात सॉफ्टवेअरने घोळ घातला होता, म्हणून आवाज सरकत होता. थरथरीचं कारणही तसंच साधं. जुन्या टीव्हीपद्धतीत प्रत्येक चित्र एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांचं असतं, सेकंदाला ५० अर्धी चित्रं. आमच्या कॅमेऱ्यात खालच्या ओळींचं अर्धं आधी येतं, आधीच्या माणसाने वरच्या ओळींचं आधी धरलं. त्यामुळे प्रत्येक हालचाल एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे. कॉम्प्युटरवर ते चटकन कळत नाही, म्हणून तुम्ही दुकानातल्या जुन्या ट्यूबच्या टीव्हीवर लावून बघितलंत. आवाज जुळवताना झांज पकडलीत. झांजेचा ठोका पडला की पडद्यावरच्या आवाजाच्या रेषेत सुळका उभा राहतो. तो सुळका आणि झांजवाल्याचे एकमेकांवर आपटणारे हात, हे तुम्ही नाटकाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटाला जुळवून पाहिलंत.

सगळं एकाच डिस्कवर कोंबावं असा माझा हट्ट होता. ४.७ जीबीत रात्रभराचं नाटक बसवलं तर काळ्या वेषातल्या संकासुराचे नुसते चौकोन दिसतील, असं तुम्ही शांतपणे समजावलंत. पहिल्या डिस्कवर आडदशावतार म्हणजे सुरुवातीचा भाग, पुढच्या डिस्कांवर आख्यान म्हणजे मुख्य कथा, ही वाटणीही तुमचीच. नाटक जिथे स्वतःहून श्वास घेतं तिथेच तुम्ही तोडलंत. याला जाण म्हणतात.

पण काका, हे पत्र लिहायचं खरं कारण वेगळंच आहे. डिस्क बर्न करायच्या आधी तुम्ही विचारलंत, "आईंना रिमोटची कुठली बटणं कळतात?"

एवढ्या लोकांनी पैसे घेतले, पण बघणारं माणूस कोण आहे हे कुणीच विचारलं नव्हतं. मी म्हटलं, चालू-बंद आणि पुढे जायचं, बस. तुम्ही छान सजवलेला मेनू काढून टाकलात. डिस्क आत गेली की नाटक आपोआप सुरू. बाबांचे हात जवळून दिसतात तिथे तुम्ही चॅप्टरची खूण ठेवलीत, म्हणजे पुढे जायचं बटण एकदा दाबलं की आई थेट तिथे पोचते. एका कागदावर मोठ्या अक्षरात 'हे बटण' असं लिहून शेजारी बाण काढलात आणि तो कागद कव्हरमध्ये घातलात.

आईने ते बटण स्वतः दाबलं. मी मुद्दाम हात लावला नाही. पुढचं आख्यान तिला नकोच होतं, ती परत परत तिथेच येत होती. "हात बघ तेंचे," एवढंच म्हणत होती.

तुम्ही कामाचे रीतसर पैसे घेतलेत, ते घ्यायलाच हवे होते. पण तो प्रश्न बिलात नव्हता. गावोगावी अशी माणसं अजून आहेत. लग्नाची शूटिंगं करून पोट भरतात, दुकानावर धड पाटी नसते, आणि दुसऱ्याच्या घरातली म्हातारी माणसं डोळ्यांसमोर ठेवून काम करतात. त्यांचं नाव कुठे येत नाही. तुमचंही मी इथे लिहीत नाही, कारण तुम्हीच नको म्हणालात.

मूळ कॅसेटी तुम्ही सांगितलंत तशा पूर्ण मागे फिरवून, उभ्या ठेवल्या आहेत. उतरवलेल्या मूळ फाइलींची एक प्रत भावाकडे मुंबईला पाठवली आहे.

आईचा निरोप तिच्याच शब्दांत देतो: "चवथीक घराक येवकच व्हया, आणि जेवल्याशिवाय जावचा नाय." काकींनाही घेऊन या. ती वाट बघतेय.

तुमचा,
पेटीवाल्यांचा मुलगा