बी-१२ पालेभाजीत नसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतला बी जीवनसत्त्वांवरचा लेख वाचला. थकवा, हातापायांना मुंग्या, विसराळूपणा ही बी-१२ कमी असल्याची लक्षणे त्यात बरोबर दिली आहेत. उपाय मात्र "हिरव्या पालेभाज्या, मोडाची कडधान्ये आणि फळे भरपूर खावीत" असा सांगितला आहे, म्हणून हे पत्र. बी-१२ पालेभाजीत नसते. मटकीत नसते, शेंगदाण्यात नसते, ज्वारी-बाजरीत नसते. ते फक्त सूक्ष्मजीव तयार करतात आणि आपल्यापर्यंत मांस, मासे, अंडी आणि दूध यांतून येते. आमच्याकडचा माळकरी माणूस हा सल्ला मनापासून पाळेल, रोज मेथी-पालक खाईल, आणि त्याच्या पायांच्या मुंग्या वाढतच राहतील.

बार्शीत आमचे औषधांचे दुकान आहे. मी फार्मासिस्ट आहे आणि काउंटरवर स्वतः बसते. "ताई, ताकदीची गोळी द्या" असे म्हणणारे गिऱ्हाईक रोजचे. त्यातलेच एक एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर काका. गळ्यात माळ, मधुमेहासाठी कित्येक वर्षे मेटफॉर्मिन, जोडीला सकाळी उपाशीपोटी पित्ताची पँटोप्राझोल. एकदा सहज बोलता बोलता म्हणाले, "ताई, चपला पायातून कधी निसटतात तेच कळत नाही. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो." ते सारे साखरेमुळे होते, असे त्यांना सांगण्यात आले होते. साखरेमुळेही होते, हे खरे. पण शाकाहार, मेटफॉर्मिन आणि पित्ताची गोळी असे तिन्ही एका माणसात असताना बी-१२ तपासायलाच हवे, एवढे मला माहीत होते. मी त्यांना तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारायला लावले. सोलापूरच्या फिजिशियननी तपासणी केली. आकडा फारच खाली निघाला. इंजेक्शने सुरू झाली, काही महिन्यांत जिभेची आग थांबली, चाल सावरली. तळव्यांचा बधिरपणा पूर्ण गेला नाही. नसांवरचे आवरण खराब होऊन फार काळ लोटला की सगळे भरून येत नाही.

हे का होते तेही सांगते. अन्नातले बी-१२ सुटे व्हायला जठरातले आम्ल लागते. मग जठरातूनच पाझरणाऱ्या एका प्रथिनाचा हात धरून ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत जाते आणि तिथे शोषले जाते. पित्ताची गोळी पहिल्या पायरीवर अडवते, मेटफॉर्मिन शेवटच्या. यकृतात साठा असतो, त्यामुळे कमतरता लगेच दिसत नाही, काही वर्षांनी दिसते, आणि तोवर वय झाले म्हणून सोडून दिले जाते. मेटफॉर्मिन चांगले आणि स्वस्त औषध आहे, ते कोणीही आपल्या मनाने बंद करू नये. पण ब्रिटनच्या औषध नियामकाने २०२२ मध्ये डॉक्टरांना स्पष्ट कळवले की मेटफॉर्मिन घेणाऱ्या, जोखीम असलेल्या रुग्णांचे बी-१२ अधूनमधून तपासा. आपल्याकडे तर शाकाहारामुळे जोखीम मुळातच जास्त.

"मग दूध प्यावे" असे कोणी म्हणेल. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला रोज २.२ मायक्रोग्रॅम बी-१२ लागते आणि एक मोठा पेला दुधातून साधारण एक मायक्रोग्रॅम मिळते. ज्यांच्या गोठ्यात गाई-म्हशी आहेत त्यांच्याही घरातले दूध डेअरीला जाते, मागे उरते ते चहापुरते.

बी गटातली आठ जीवनसत्त्वे एका कॅप्सूलमध्ये भरली म्हणून त्यांचे काम एक होत नाही. बी-१ शिवाय खाल्लेल्या भाताची शक्ती होत नाही. पॉलिश केलेल्या तांदळावर जगणाऱ्यांना बेरीबेरी होई आणि उकडा तांदूळ खाणारे त्यातून वाचत, कारण भात सालीसकट उकडताना बी-१ दाण्यात मुरते. बी-२ कमी पडले की ओठांच्या कडांना चिरा पडतात. टीबीच्या आयसोनियाझिड या औषधाबरोबर बी-६ देतात, ते नसांना जपण्यासाठी. बी-३ च्या अभावाचा पेलाग्रा आम्हा ज्वारीवाल्यांच्या जवळचा: दख्खनमध्ये जवळजवळ नुसत्या ज्वारीवर दिवस काढणाऱ्या गरिबांत तो दिसे, मानेवरची आणि हातांवरची कातडी उन्हाने काळवंडून सोलवटे. हैदराबादच्या डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये त्याचा संबंध ज्वारीतल्या ल्यूसीन या अमिनो आम्लाशी जोडला. भाकरीबरोबर डाळ आणि शेंगदाण्याची चटणी असेल तर घाबरायचे कारण नाही.

पालेभाजीत असते ते बी-९, म्हणजे फोलेट. त्याचा शोध तर आपल्या मुंबईत सुरू झाला. परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना लुसी विल्स या डॉक्टरबाईंनी गरीब गरोदर बायकांचा रक्तक्षय यीस्टच्या अर्काने बरा करून दाखवला आणि १९३१ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फोलेट ठरला. फोलेट आणि बी-१२ दोन्ही रक्तपेशी घडवायला लागतात, आणि घोटाळा इथेच आहे. बी-१२ कमी असलेल्याला नुसते फॉलिक ॲसिड (म्हणजे गोळीतले फोलेट) दिले तर रक्त सुधारते, हिमोग्लोबिन वर येते, सगळे समाधानी होतात, आणि मज्जातंतूंचे नुकसान आत चालूच राहते.

म्हणून मला गरोदर बायकांच्या लाल गोळीची आणि शाळेतल्या मुलींच्या निळ्या गोळीची काळजी वाटते. घरोघर आशाताई आणि शाळेत शिक्षक त्या पोहोचवतात, ते मोलाचे काम आहे आणि त्या गोळ्या घ्यायलाच हव्यात. त्यांत लोह आहे, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड आहे, बी-१२ नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून माता आणि मुलांचा अभ्यास करत आहेत. त्यांना सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी आढळले. ज्यांचे फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याची, म्हणजे मधुमेहाकडे नेणारी, प्रवृत्ती सर्वांत जास्त दिसली. हे आपल्याच मातीतले, आपल्याच लेकी-सुनांचे निष्कर्ष आहेत. रेशनच्या फोर्टिफाइड (वरून पोषकद्रव्यांचे दाणे मिसळलेल्या) तांदळासाठी ठरलेल्या मिश्रणात लोह आणि फॉलिक ॲसिडच्या जोडीला बी-१२ घेतले आहे. (ते दाणे "प्लास्टिकचे" म्हणून निवडून फेकणाऱ्या बायांना मी हात जोडून सांगते, टाकू नका.) तांदळात जे सुचले ते गोळीत का नको?

शासनाकडे दोन मागण्या आहेत. मुली आणि गरोदर बायकांच्या गोळीत बी-१२ घालावे. आणि सरकारी दवाखान्यातून मेटफॉर्मिन नेणाऱ्या प्रत्येकाचे बी-१२ वर्षातून एकदा फुकट तपासावे. खाजगी लॅबमध्ये ही तपासणी साध्या रक्ततपासणीपेक्षा कितीतरी महाग पडते, म्हणून लोक ती टाळतात आणि माझ्याकडे ताकदीची गोळी मागतात.

वाचकांनीही एक करावे: मुंग्या येत असतील तर कॅप्सूल सुरू करण्याआधी रक्त द्यावे. आधी गोळ्या खाऊन मग तपासले तर आकडा चांगला दिसतो आणि खरी कमतरता कळत नाही.

पुढच्या पुरवणीत आहाराचा सल्ला दुरुस्त करून ठळक चौकटीत छापावा, ही आग्रहाची विनंती. चौकट छापलीत तर तिचे कात्रण मी दुकानाच्या काचेवर लावीन.

आपली,
एक फार्मासिस्ट, बार्शी (जि. सोलापूर)